लोखंडी बैल आणि तेलाची वाटी

गेल्या खंडेनवमीला आमच्या गावच्या घरी ट्रॅक्टरची पूजा चालली असताना भंगारवाला दारात येऊन उभा राहिला. पूजा दोन ट्रॅक्टरांची होती. एक पुतण्याने तीन वर्षांपूर्वी घेतलेला आणि दुसरा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, १९७१ साली घेतलेला. नव्याला झेंडूचा भला मोठा हार आणि जुन्याला उरलेल्या फुलांची माळ, असा आमच्याकडचा अलीकडचा रिवाज आहे. भंगारवाल्याने नव्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. जुन्याभोवती त्याने एक चक्कर मारली, बोनेटवर बोटाने टकटक केले, आणि पुतण्याला किलोचा भाव सांगितला.

पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत थांब."

मी जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवला. कोणत्याही गोष्टीचा निकाल लावण्यापूर्वी तिचे कूळ आणि मूळ पाहावे, ही खोड त्यामुळे अंगात मुरली आहे. मुदत मागण्याचे एक कारण ते. दुसरेही एक कारण होते. ते पन्नास वर्षांत मी कोणाजवळ बोललो नव्हतो. ते ओघाने येईल. आधी कुळाची गोष्ट.

आमच्या ट्रॅक्टरच्या कंपनीचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. मला कोणाची जाहिरात करायची नाही आणि कोणाला बोलही लावायचा नाही. रंग लाल, आवाज भारदस्त, आणि अंगावर पन्नास पावसाळ्यांच्या खुणा, एवढी ओळख पुरे. पण जगातल्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांचे गोत्र एकच आहे, आणि ते दोन माणसांपाशी जाऊन पोचते. एक अमेरिकेतला हेन्री फोर्ड आणि दुसरा उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन.

पहिले ट्रॅक्टर म्हणजे चाकांवर बसवलेल्या गिरण्याच होत्या. लोखंडी तुळयांचा एक सांगाडा, त्यावर इंजिन, मागे दात्यांची उघडी चाके. १९१७ साली फोर्डने 'फोर्डसन' ट्रॅक्टर बाजारात आणला आणि हा सांगाडाच काढून टाकला. इंजिनचा ओतीव ठोकळा, त्याला जोडून गिअरपेटी, तिला जोडून मागचा आस, असे तीन जाडजूड भाग बोल्टांनी एकमेकांना आवळले की तोच ट्रॅक्टरचा कणा. ही रचना स्वस्त पडे, मजबूत असे, आणि आतल्या दात्यांना धूळ लागत नसे. अमेरिकेत १९२८ पर्यंत हे फोर्डसन सात लाखांहून अधिक निघाले. आजही आपल्याकडे क्लच प्लेट बदलायची झाली की मिस्त्री ट्रॅक्टर मधोमध "फोडतात". पुढचे धड एकीकडे आणि मागचे धड दुसरीकडे, मध्ये लाकडी ठोकळे आणि जॅक. गावातली पोरे ते बघायला जमतात. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कल्पनेचे दर्शन आपण लिंबाच्या झाडाखाली फुकटात घेत असतो.

परंतु फोर्डसनमध्ये एक जीवघेणा दोष होता. नांगर त्याला साखळीने नाहीतर दांडीने मागे बांधलेला असे. नांगराचा फाळ दगडाला किंवा मुळाला अडकला की नांगर थांबे, पण मागची चाके फिरण्याचा हट्ट सोडत नसत. मग ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उठे आणि तो घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहून चालवणाऱ्याच्या अंगावर उलटे. अशी कित्येक माणसे मेली.

ह्या दोषावर तोड काढली ती फर्ग्युसनने. हा गृहस्थ १८८४ साली जन्मला. १९०९ च्या शेवटच्या दिवशी स्वतः बांधलेले विमान त्याने आयर्लंडमध्ये उडवून दाखवले होते. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली तेव्हा आयर्लंडच्या शेती खात्याने त्याला ट्रॅक्टरांची कामे पाहायला सांगितले, आणि त्याच्या ध्यानात आले की सगळे लोक ट्रॅक्टरचा विचार करतात, नांगराचा विचार करतात, पण दोघांच्या मधल्या दुव्याचा विचार कोणीच करत नाही. वर्षानुवर्षे खटपट करून त्याने तो दुवा तयार केला. खाली दोन दांडे आणि वर एक दांडा, असा तो त्रिकोण आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागे दिसतो. खालचे दोन दांडे नांगर ओढतात. नांगर अडू लागला की वरचा दांडा पुढे रेटला जातो आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उठण्याऐवजी जमिनीवर दाबून धरले जाते. शिवाय त्याच रेट्याची वर्दी तेलाच्या पंपाला मिळते आणि पंप नांगर किंचित वर उचलून घेतो. औत जड झाले की बैलाच्या मानेचा अंदाज घेऊन रुमणे सैल सोडणारा जाणता औत्या आपण पाहिला आहे ना? त्या औत्याची अक्कल फर्ग्युसनने तेलात आणि लोखंडात उतरवली.

१९३८ साली त्याने आपला लहानसा ट्रॅक्टर अमेरिकेत नेऊन फोर्डला त्याच्याच आवारात नांगरून दाखवला. दोघांनी हातात हात दिले आणि कागदावर एक अक्षर न लिहिता भागीदारी ठरली. दुसऱ्याच वर्षी त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. पण फोर्डच्या नातवाच्या हाती कारभार गेल्यावर हा तोंडी करार मोडला, फिर्याद झाली, आणि १९५२ साली साडेब्याण्णव लाख डॉलरांवर तडजोड झाली. शब्दाला जागणे आणि कागद करून ठेवणे ह्या दोन्हींची गरज असते, हे आमच्या गावच्या कुळकर्ण्यालाही ठाऊक होते. पण मोठ्या माणसांना ते शिकायला कोर्टात जावे लागते.

ह्या भांडणाआधीच, १९४६ साली, फर्ग्युसनचा राखाडी रंगाचा ट्रॅक्टर इंग्लंडात कॉव्हेंट्री गावी निघू लागला होता. १९५६ पर्यंत असे पाच लाख सतरा हजारांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले, आणि त्यांपैकी पुष्कळ आजही चालतात. का चालतात, ह्याचे उत्तर त्यांच्या पोटात आहे. त्यांच्या स्टँडर्ड कंपनीच्या इंजिनात पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती नळी, म्हणजे लायनर, मूळ ठोकळ्यात कोरलेली नसे. ती वेगळी बसवलेली असे आणि तिच्या बाहेरून थंड पाणी खेळे. नळी झिजली की उपसून काढायची आणि नवी घालायची. ठोकळा तसाच राहतो. कुडाच्या भिंतीतला कुजलेला वासा बदलावा, पण घर उभेच असावे, तसे हे. गंमत अशी की जवळपास हेच इंजिन त्या काळच्या इंग्रज शौकिनांच्या ट्रायम्फ टीआर-२ ह्या शर्यतीच्या मोटारीतही बसवलेले होते. सकाळी चिखलात नांगर ओढणारा आणि संध्याकाळी मडमेला फिरवून आणणारा जीव एकाच आईच्या पोटचा!

शिवाय ह्या ट्रॅक्टरबरोबर जो पाना मिळे त्यावर इंचांच्या खुणा असत. औत जोडण्याची आणि लावण्याची बहुतेक कामे त्या एका पान्याने होत आणि तासाची रुंदी मोजायला तीच पट्टी. शेतकरी हाच पहिला मिस्त्री, हे धरूनच ते यंत्र घडवलेले होते.

ज्यांना ह्या यंत्राच्या चिवटपणाची शंका असेल त्यांनी एडमंड हिलरीला आठवावे. १९५३ साली तेनसिंगबरोबर एव्हरेस्टवर चढलेला तोच हा हिलरी. १९५७ च्या ऑक्टोबरात तो दक्षिण ध्रुवाकडे निघाला तो ह्याच शेतातल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांना पट्टे चढवून. बर्फाच्या भेगा चुकवीत सुमारे दोन हजार किलोमीटर कापून ४ जानेवारी १९५८ रोजी त्याचे तीन ट्रॅक्टर ध्रुवावर पोचले. त्याच्या चार सोबत्यांपैकी दोघे यंत्रे जाणणारे होते, हे मात्र विसरता कामा नये. ट्रॅक्टर कितीही गुणी असो, पाना धरणारा हात बरोबर लागतोच.

* * *

आता आपल्याकडे येऊ. शेतात लोखंड आले तेव्हा आपल्या लोकांनी त्याचे स्वागत केले असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर विकता विकता त्यांच्या नाकी नऊ आले. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमचा माण तालुका तिथून फार दूर नाही. माझे आजोबा किर्लोस्करांच्या नांगराला "वाडीचा नांगर" म्हणत आणि तो घरचा माणूस असल्यासारखे त्याच्याविषयी बोलत. म्हणजे एका पिढीने ज्याला विष मानले ते दुसऱ्या पिढीच्या घरात सोयरे होऊन बसले.

ट्रॅक्टरचेही तसेच झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराने मागे टाकलेली यंत्रे घेऊन सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली. मध्य भारतात कांस नावाच्या गवताने लाखो एकर जमीन गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल की बैलाच्या नांगराला दाद देत नसत. ते खणून काढायला मोठे ट्रॅक्टर हवेत म्हणून १९४९ च्या सप्टेंबरात जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरांचे कर्ज दिले. त्या बँकेने आपल्याला दिलेले हे दुसरेच कर्ज. पहिले आगगाड्यांसाठी होते. यंत्र आले की मिस्त्री लागतात, म्हणून १९५५ साली मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे ट्रॅक्टर शिकवणारी संस्था निघाली, ती आजही चालू आहे.

मग देशी कारखाने निघाले. १९५९ साली फरीदाबादला आयशर, १९६० साली मद्रासला टॅफे. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ हा ट्रॅक्टर बनू लागला. मूळ तो इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा, पण त्यातला २७५ हा आकडा आपल्या खेड्यापाड्यांत असा रुजला की आजही त्या आकड्याचा ट्रॅक्टर विकला जातो. १९७१ साली पिंजोरला चेक धाटणीचा एचएमटी आला. दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत भारतीय इंजिनिअरांनी आखलेला स्वराज १९७४ साली पंजाबात बाहेर पडला.

ह्या साऱ्या यंत्रांबरोबर एक नवी जात गावोगाव निर्माण झाली. तिचे नाव मिस्त्री. ह्यांतले पुष्कळ लोक लोहाराच्या भात्यापासून, इंजिनच्या विहिरीपासून किंवा एस. टी.च्या डेपोतून शिकून आलेले. इंग्रजी त्यांना येत नसे, पण ट्रॅक्टर इंग्रजी मापाचा, म्हणून त्यांनी इंच आपल्या सुतात बसवले. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे "चार सुती", पाऊण इंचाचा "सहा सुती". क्रँक घासून नवे बेअरिंग बसवायचे तर "धा थाऊ" की "वीस थाऊ", हे ते बोटाच्या पेरावर सांगत. धूर हे त्यांचे नाडीपरीक्षेचे शास्त्र. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर म्हणजे डिझेल पेटत नाही. निळा धूर म्हणजे इंजिन आपलेच तेल पीत आहे. हा निळा धूर आमच्या घरावर कसा आला, ते आता सांगतो.

* * *

१९७१ साली आबांनी एका बागाईतदाराकडून चार वर्षे वापरलेला ट्रॅक्टर घेतला. नव्यासाठी नंबर लावून वाट पाहावी लागे, आणि आबांना वाट पाहण्याची सवय नव्हती. थोडे बँकेचे कर्ज काढले आणि उरलेल्या पैशासाठी बैलांच्या दोन्ही जोड्या विकल्या. आजी तीन दिवस जेवली नाही. "लोखंडाला शेण नाही न् वासरू नाही," एवढेच ती म्हणाली.

पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायला नको. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, आणि खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रानात ट्रॅक्टरला काम नव्हते, म्हणून आबांनी ट्रॉलीवर टाकी बसवली आणि तीन कोसांवरच्या विहिरीतून गावाला पाणी आणायला सुरुवात केली. रस्ता म्हणजे घोट्याएवढा फुफाटा. ट्रॅक्टर गेला की धुळीचा लोट मागे बराच वेळ उभाच राही.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आबांनी माझ्यावर एकच काम सोपवले होते. ट्रॅक्टरच्या नाकाला, म्हणजे एअर क्लीनरला, खाली एक तेलाची वाटी असते. रोज संध्याकाळी ती काढायची, मळलेले तेल ओतून टाकायचे, तळाचा गाळ पुसायचा आणि खुणेपर्यंत नवे तेल भरून परत लावायची. काम पाच मिनिटांचे.

ही वाटी का हवी, ते आज मला नीट कळते. अडीच लिटरच्या आसपासचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर तेवढ्या वेळात ते २,५०० लिटर हवा ओढते. ही हवा आधी नळीतून खाली येते, वाटीतल्या तेलावर आपटते आणि एकदम वळून वर जाते. हवेला वळता येते, धुळीच्या कणांना तितक्या चपळाईने वळता येत नाही. ते तेलात पडतात. उरलेसुरले वरच्या तारेच्या ओल्या जाळीत अडकतात. पण गाळाने वाटी भरली की तेल उरतच नाही, आणि मग धूळ थेट पोटात जाते. तिथे पिस्टनच्या रिंगा आणि लायनर ह्यांच्यामध्ये ती सापडली की पॉलिश कागदासारखी दोघांना घासत राहते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबून इतकी तापवायची की फवारलेले डिझेल आपोआप पेटावे, एवढ्यावर सारा खेळ. रिंगा झिजल्या की दाबलेली हवा बाजूने निसटते, ती पुरेशी तापत नाही, आणि इंजिन सुरू होत नाही.

हे बाराव्या वर्षी मला माहीत नव्हते. मला एवढेच माहीत होते की संध्याकाळी पोरे चावडीपुढे विटीदांडू खेळतात. पहिले काही दिवस मी वाटी पुसली. मग एक दिवसाआड. मग आठवड्यातून एकदा. मग आबांनी विचारले की "व्हय, केली" म्हणून सांगू लागलो. उन्हाळ्याचे शेवटचे दोन महिने मी त्या वाटीला हातही लावला नाही.

जूनमध्ये पाऊस आला. दोन-तीन वर्षांनी आलेला पाऊस. म्हातारी माणसे अंगणात उभी राहून भिजली. वाफसा होताच सकाळी आबांनी ट्रॅक्टरला चावी दिली. इंजिन नुसते गुरगुरले. ढकलून पाहिले. उतारावर सोडून पाहिले. शेवटी कसेबसे सुरू झाले तेव्हा निळ्या धुराने सगळी आळी भरली आणि तासाच्या मध्यावर ते जे बंद पडले ते पडलेच. बाजरीच्या पेरणीचा वाफसा चार-सहा दिवस टिकतो. गोठा रिकामा होता. आबा रानाच्या बांधावर बसून राहिले. त्यांच्यासारखा माणूस असा बसलेला मी पूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

फलटणहून मिस्त्रीमामा दुसऱ्या दिवशी एस. टी.ने आले. खाकी पिशवीत पाने आणि खांद्यावर पंचा. त्यांनी इंजिनला हात लावण्याआधी वाटी काढली. तिच्यात तेल नव्हते. वाळलेला चिखल होता, उलटी केली तरी पडेना.

"आबा, इंजिनानं माती खाल्लीया," ते म्हणाले. "वाटी कोण बघायचं?"

मी बारदानावर पाने मांडत होतो. माझे हात थांबले. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझंच काम ते."

तीन दिवस लिंबाखाली इंजिन उघडे पडले होते. मिस्त्रीमामांनी प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने बारदानावर मांडला, आणि ते मला डिझेलने धुवायला लावले. लायनरच्या वरच्या टोकाला नख अडकेल एवढी धार पडली होती. खाली घासला गेलेला भाग आणि वर न घासलेला भाग ह्यांतला तो फरक. ती धार त्यांनी माझे बोट धरून मला दाखवली. नवे लायनर-पिस्टन पुण्याहून आणायला आबा गेले. आईच्या हातांत त्या दिवसापासून पाटल्या दिसल्या नाहीत.

आणि पेरणी? ज्यांच्याकडे बैल वाचले होते अशा दोघा-तिघा भाऊबंदांनी आमच्यासाठी इर्जिक घातली. मोबदल्यात एक वेळचे जेवण. आजीने स्वतः बैलांच्या पायांवर पाणी घातले. सगळे रान पेरून झाले नाही, पण अर्ध्याच्या वर झाले. चौथ्या दिवशी इंजिन सुरू झाले तेव्हा त्याचा आवाज असा स्वच्छ आला की मिस्त्रीमामांनी पंचाने डोळे पुसले. धूर गेला असेल. निघताना त्यांनी धुतलेली वाटी आबांच्या हाती न देता माझ्या हाती दिली आणि काही न बोलता एस. टी. गाठली.

त्यानंतर शाळा संपवून गाव सोडीपर्यंत एकही दिवस मी ती वाटी चुकवली नाही. पण आबांना खरे सांगितले नाही. १९९८ साली ते गेले. आपल्यावरचा आळ त्यांनी घेतला आणि मी तो घेऊ दिला, हे ओझे तेव्हापासून माझ्यापाशी होते.

* * *

जुन्या ट्रॅक्टरविषयी बोलताना माणसे फार हळवी होतात, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमचा म्हातारा डिझेल जास्त पितो, तेल गाळतो आणि कान किटवतो. उलटला तर चालवणाऱ्याला वाचवील असा लोखंडी कठडा त्याच्या डोक्यावर नाही. पीटीओचा दांडा उघडा फिरतो, आणि धोतराचा सोगा त्यात सापडून काय होते ते आमच्या शिवाराने पाहिले आहे. नवे ट्रॅक्टर ह्या बाबतींत कितीतरी शहाणे आहेत. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना आपल्याकडे धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांच्या इंजिनात किती डिझेल कधी फवारायचे हे विजेचा मेंदू ठरवतो. हवा स्वच्छ राहते, डिझेल वाचते. हे चांगलेच आहे.

पण तो मेंदू रुसला तर लिंबाखाली बारदान पसरून काही होत नाही. त्याला कंपनीचा माणूस आणि त्याचे यंत्र लागते, आणि ते येईपर्यंत वाफसा थांबत नाही. ही कुरकुर एकट्या आपली नाही. अमेरिकेतही शेतकऱ्यांनी ह्यासाठी भांडण मांडले, आणि कोलोराडो राज्याने २०२३ साली कायदाच केला की शेतीच्या यंत्रांची दुरुस्तीची माहिती, हत्यारे आणि सुटे भाग मालकालाही मिळाले पाहिजेत. फर्ग्युसनने पान्यावर इंच कोरून जे दिले होते, ते परत मागण्यासाठी कायदा करावा लागला.

मला वाटते, भरवशाचे यंत्र म्हणजे कधीच न बिघडणारे यंत्र, ही आपली समजूत अपुरी आहे. असे यंत्र कोणी अजून घडवलेले नाही. बिघडण्यापूर्वी जे कुरकुर करून सांगते, बिघडल्यावर ज्याचे दुखणे चार गावांतला एखादा मिस्त्री ओळखू शकतो, आणि ज्याचा झिजलेला भाग काढून नवा घालता येतो, ते भरवशाचे. त्यातला अर्धा भरवसा कारखान्यात ओतलेला असतो. उरलेला अर्धा रोज संध्याकाळी वाटीत ओतावा लागतो.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी पुतण्याला लिंबाखाली बोलावले आणि बारा वर्षांच्या त्या पोराची गोष्ट त्याला सांगितली. तो ऐकून घेत गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, आजोबांनी मला ट्रॅक्टर शिकवला ना, तेव्हा पहिल्या दिवशी चावीला हात लावू दिला नाही. आधी वाटी काढायला लावली. म्हणाले, हे काम पोरावर टाकायचं. पण टाकल्यावर रोज आपण बघायचं. मी एकदा बघितलं नव्हतं."

म्हणजे आबांना सारे ठाऊक होते. आणि "माझंच काम ते" हे त्यांनी माझ्यावर पांघरूण घालण्यासाठी म्हटलेले नव्हते. त्यांच्या हिशेबी ते खरेच होते. इतकी वर्षे मी ज्याला आळ समजत होतो तो त्यांनी स्वतःला लावलेला बोल होता.

भंगारवाल्याला आम्ही नाही म्हणून कळवले. नांगरट नवा करील. पाण्याची टाकी, ट्रॉली आणि बांधाकडेची हलकी कामे म्हाताऱ्याकडे राहतील. पीटीओच्या दांड्यावर झाकण बसवायचे पुतण्याने कबूल केले आहे. पाडव्याच्या सकाळी त्याच्या मुलीने, तीही बारा वर्षांचीच आहे, वाटी काढली, गाळ पुसला आणि खुणेपर्यंत तेल भरले. भरून झाल्यावर तिने हाक मारली, "बाबा, बघा."

पुतण्या हातातले काम टाकून बघायला गेला.